खाटेजवळची फुप्फुसांची सोनोग्राफी : एका रुग्णसेवेचे परीक्षण

‘छातीत पाणी झाले आहे’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या निरनिराळ्या आजारांसाठी वापरले जाते की ते ऐकून नातेवाइकांना नेमके काहीच कळत नाही. फुप्फुसाभोवतीच्या आवरणात साठलेले पाणी, हृदयाचे पंपिंग कमी झाल्यामुळे फुप्फुसाच्या आत झिरपलेले पाणी आणि न्यूमोनियाने वायुकोशांत भरलेला स्राव, या तिन्हींना आपण तेच म्हणतो. उपचार मात्र तिन्हींचे वेगळे आहेत. गेल्या पावसाळ्यात माझ्या 74 वर्षांच्या आईला पुण्यातील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात दाखल केले, तेव्हा हा फरक फुप्फुसांच्या सोनोग्राफीने आम्हाला दाखवला. त्या सेवेविषयी हे लिहीत आहे.

आईला चार वर्षांपासून हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाचे पंपिंग कमी पडण्याचा आजार, आहे. त्या रात्री धापेबरोबर ताप, खोकला आणि पायांवर सूजही होती. झोपवून काढलेल्या एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसे धूसर दिसत होती आणि त्यावरून कारण ठरत नव्हते. केवळ न्यूमोनिया असताना साठलेले पाणी लघवीवाटे काढणारी इंजेक्शने भरपूर दिली तर रक्तदाब घसरण्याची भीती, आणि हृदयामुळे साठलेल्या पाण्याकडे दुर्लक्ष करून सलाइन चालू ठेवले तर धाप वाढण्याची.

सकाळी डॉक्टर छोटे यंत्र घेऊन खाटेजवळ आले. “आजी, श्वास रोखायचा नाही, नेहमीसारखा घ्या,” एवढेच त्यांनी आईला सांगितले. छातीच्या प्रत्येक बाजूचे चार असे आठ भाग त्यांनी तपासले. आईला कुठे हलवावे लागले नाही, किरणोत्सर्गाचा प्रश्न नव्हता आणि दहा-बारा मिनिटांत काम झाले. पडद्यावर दिसणाऱ्या, फुप्फुसाच्या आवरणापासून सरळ खाली उतरणाऱ्या उभ्या पांढऱ्या रेषा त्यांनी मला दाखवल्या. त्यांना बी-रेषा म्हणतात. दोन बरगड्यांमधल्या एकाच जागेत त्या तीन किंवा अधिक असतील तर तो भाग सदोष धरतात. हृदयामुळे पाणी साठते तेव्हा त्या सहसा दोन्ही बाजूंना सारख्या पसरतात, तर न्यूमोनियात एखादाच भाग यकृतासारखा घट्ट दिसतो आणि श्वासाबरोबर त्यात हवेचे ठिपके सरकतात. आईच्या उजव्या फुप्फुसाच्या तळाशी असा घट्ट भाग होता आणि दोन्ही बाजूंना रेषाही होत्या. म्हणजे आजार दोन्ही होते, आणि अँटिबायोटिक व लघवीचे औषध दोन्ही मोजून द्यायचे ठरले.

या तपासणीला भक्कम संशोधनाचा आधार आहे. फ्रान्सचे डॉ. दानिएल लिश्टेनश्टाइन यांनी 2008 साली धाप लागलेल्या 260 रुग्णांवरील अभ्यासात या पद्धतीने 90.5 टक्के निदाने बरोबर आल्याचे दाखवले. इटलीतील सात तातडी विभागांत 1,005 रुग्णांवर झालेल्या 2015 च्या अभ्यासात, धाप हृदयामुळे आहे की अन्य कारणाने हे ओळखण्यात सोनोग्राफीची जोड दिलेली तपासणी नुसत्या एक्स-रेपेक्षा बरीच सरस ठरली. मात्र निदान सुधारले म्हणून परिणामही सुधारतोच असे नाही: अमेरिकेत 130 रुग्णांवर झालेल्या चाचणीत बी-रेषा पाहून उपचार केले, तरी सहा तासांनंतर या रेषा नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक कमी झाल्या नाहीत. शिवाय फायब्रोसिसमध्येही, म्हणजे फुप्फुसावर व्रण पडून ते ताठर होते तेव्हाही, बी-रेषा दिसतात, आणि आवरणापर्यंत न पोहोचलेला न्यूमोनिया या यंत्राला दिसत नाही. म्हणून बघणाऱ्याचा सराव फार महत्त्वाचा.

या सेवेतील मुख्य उणीव नोंदीची आहे. आईच्या फाइलमध्ये ‘फुप्फुसांची सोनोग्राफी केली’ एवढेच लिहिले होते. कोणत्या भागात किती रेषा, घट्ट भाग केवढा, यातले काहीच नव्हते. इतक्या काळजीने केलेल्या तपासणीची तुलना पुढच्या वेळी कशाशी करायची? दुसरी अडचण म्हणजे रात्री ही सोय मिळाली नाही, आणि धाप बहुधा रात्रीच वाढते. आमचे फॅमिली डॉक्टर हे यंत्र घरी आणू शकत नाहीत, कारण गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या नियमांनुसार सुटसुटीत सोनोग्राफी यंत्र नोंदणीकृत ठिकाणी दाखल रुग्णांसाठी किंवा फिरत्या वैद्यकीय पथकातच वापरता येते. असा कायदा 1988 साली देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने केला आणि त्यामागचे कारण मला पूर्ण मान्य आहे. पण अंथरुणाला खिळलेल्या हृदयरुग्णांसाठी सुरक्षित वाट काढायला हवी असे मनापासून वाटते.

घरी सोडण्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा तपासले. वरच्या भागांतील रेषा गेल्या होत्या, तळाशी थोड्या शिल्लक होत्या, म्हणून लघवीच्या गोळीचा डोस त्यांनी उतरवला नाही. मी माझी वही पुढे केली. त्यांनी छातीची आकृती काढून आठही भागांतले आकडे स्वतःच्या हाताने लिहून दिले, आणि महिन्याभराने बाह्यरुग्ण विभागात त्याच पानावर नवे आकडे शेजारी मांडले गेले.