ब्लॉकबार : टोकन खिशात, बाटली सिंगापुरात

जुन्या स्कॉचच्या बाजारात बाटलीइतकीच तिची वंशावळ मोलाची असते, आणि फसवणूकही तिथेच होते. २०१८ साली ग्लासगोजवळच्या एका प्रयोगशाळेने दुर्मिळ म्हणून बाजारात फिरणाऱ्या ५५ बाटल्यांची कार्बन चाचणी केली. त्यातल्या २१ एकतर सरळ नकली होत्या किंवा लेबलवर लिहिलेल्या वर्षी गाळलेल्याच नव्हत्या. दुर्मिळ मद्य ऑनलाइन विकणाऱ्या ब्लॉकबार या कंपनीची सेवा याच दुखण्यावरचा इलाज आहे. बाटली डिस्टिलरीतून थेट कंपनीच्या सिंगापुरातल्या कोठारात येते, मधे कुणाचा हात लागत नाही, आणि प्रत्येक बाटलीमागे इथेरियम या ब्लॉकचेनवर, म्हणजे सामायिक डिजिटल नोंदवहीवर, एक टोकन (एनएफटी) तयार होतं. टोकन ज्याचं, बाटली त्याची.

डोव्ह आणि सॅम फालिक या चुलतभावांनी २०२१ मध्ये ही कंपनी काढली. पहिली विक्री त्याच वर्षी ऑक्टोबरात झाली. ग्लेनफिडिखची १९७३ची, ४६ वर्षं मुरलेली आणि शेवटी आर्मान्याक या फ्रेंच ब्रँडीच्या पिंपात ठेवलेली व्हिस्की होती. बाटल्या फक्त १५, दर प्रत्येकी १८,००० डॉलर. किंमत डॉलरमध्ये असणं आणि कार्डाने पैसे भरता येणं, या दोन गोष्टी आम्हाला योग्य वाटतात. आर्डबेगने एप्रिल २०२२ मध्ये ४५६ बाटल्या प्रत्येकी १ इथर (इथेरियमचं आभासी चलन) या भावाने काढल्या होत्या. अशा व्यवहारात व्हिस्कीच्या भावाबरोबर इथरच्या भावाचीही जोखीम घ्यावी लागते, आणि संग्राहकाला ती नको असते.

खरेदी सोपी आहे. खातं उघडा, ओळख पटवा, कार्ड किंवा इथर द्या. जपायला हवं ते पुढे. टोकन स्वतःच्या वॉलेटमध्ये (डिजिटल पाकिटात) घ्यायचं असेल तर हार्डवेअर वॉलेट, म्हणजे त्यासाठीचं वेगळं छोटं यंत्र, वापरा आणि ते पाकीट उघडणारी १२ किंवा २४ शब्दांची चावी कागदावरच ठेवा. फोनमध्ये तिचा फोटोसुद्धा नको. चोरी फक्त शब्द फुटल्यानेच होते असं नाही, बनावट संकेतस्थळावर दिलेल्या परवानगीनेही होते. तिथे वॉलेट जोडलं आणि ‘सर्व टोकन हलवण्याची मुभा’ मागणाऱ्या विनंतीवर सही केली, की टोकन जातं आणि त्याबरोबर कोठारातल्या बाटलीवरचा हक्कही जातो. ज्यांना हा व्याप झेपणार नाही त्यांनी टोकन कंपनीच्याच खात्यात राहू द्यावं.

आता मुख्य प्रश्न. टोकन म्हणजे बाटली नव्हे. आपल्याकडे शेतकरी सोयाबीन वखारीत ठेवतो आणि पावती घेतो, तसंच हे. फरक एवढाच की वखारीच्या नोंदणीकृत पावतीमागे २००७ चा गोदाम कायदा उभा आहे, टोकनमागे मुख्यतः कंपनीच्या अटींचा करार. ब्लॉकचेन एवढंच सांगते की टोकन कुणाकडून कुणाकडे गेलं. बाटली जागेवर आहे का, बूच धड आहे का, हे तिला कळत नाही. ते कोठारवाल्याच्या शब्दावरच आहे. त्यामुळे अशा कुठल्याही सेवेच्या अटींत तीन वाक्यं शोधावीत : मालकी टोकनधारकाच्या नावे आहे का, विमा कुणाचा, किती आणि पूर्ण बाजारभावाचा की खरेदी किमतीचा, आणि कंपनी बुडाली तर तिला कर्ज देणाऱ्यांना बाटल्यांवर हात घालता येतो का. तिसरं वाक्य नसेल तर आम्ही पैसे घालणार नाही.

मालकीचं वाक्य भारतीय खरेदीदाराला करासाठीही लागतं. २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, तोटा दुसरीकडे वळता करता येत नाही. पण ३० जून २०२२ च्या अधिसूचनेने एक अपवाद ठेवला. ज्या एनएफटीच्या हस्तांतराबरोबर मूर्त वस्तूची मालकीही कायद्याने अंमलात येईल अशा रीतीने हस्तांतरित होते, ती त्या व्याख्येतून वगळली आहे. म्हणजे करार कसा लिहिलाय यावर कर ठरू शकतो. विकण्यापूर्वी सीएला टोकनचा स्क्रीनशॉट नको, कराराची प्रत दाखवा.

बाटली सोडवणं, म्हणजे गहाण दागिना सोडवतो तसं, हा या सेवेचा सगळ्यात नाजूक टप्पा. विनंती केली की टोकन जाळलं जातं, म्हणजे कायमचं रद्द होतं, आणि बाटली पाठवली जाते. परतीची वाट नाही. त्याच क्षणी अखंड साखळीचा फायदाही संपतो, कारण घरी आलेल्या बाटलीचं पुढे काय झालं हे कुणालाच सांगता येत नाही. विकायची असेल तर सोडवू नये, प्यायची असेल तर खुशाल सोडवावी. ‘अजून मुरू दे’ म्हणून थांबण्यात मात्र अर्थ नाही, काचेत व्हिस्की मुरत नाही.

सिंगापुरात उतरवून घ्यायची झाली तर हिशोब असा. मद्यशुल्क शुद्ध अल्कोहोलच्या दर लिटरला ८८ सिंगापुरी डॉलर. ७०० मिलीच्या ४५ टक्के बाटलीत ०.३१५ लिटर अल्कोहोल, म्हणून शुल्क सुमारे २८ सिंगापुरी डॉलर, अगदीच किरकोळ. खरा भार ९ टक्के जीएसटीचा : १८,००० अमेरिकी डॉलरवर १,६२०. कुरिअरने थेट मुंबई-पुण्याला मागवायचा विचार सोडा. आयातशुल्काच्या वर राज्याच्या उत्पादनशुल्काची परवानगी आड येते. भारत-ब्रिटन करारात (जुलै २०२५) स्कॉचवरचं १५० टक्के शुल्क ७५ वर आणि दहाव्या वर्षी ४० वर आणण्याचं ठरलं आहे, पण एकट्या ग्राहकाच्या एका बाटलीची अडचण त्याने सुटत नाही.

राहिला सामानातून आणण्याचा मार्ग. प्रवाशाला करसवलतीत २ लिटरपर्यंत मद्य आणता येतं, म्हणजे ७०० मिलीच्या दोनच बाटल्या; तिसरीने २.१ लिटर होतात. इथे बरेच जण फसतात : ही मर्यादा मापाची झाली, सामानाच्या एकूण किमतीची करमुक्त मर्यादा वेगळी आणि ती लाखाच्या आत आहे. महागडी बाटली २ लिटरच्या आत असूनही शुल्कपात्र ठरते. बिल जवळ ठेवा आणि विमानतळावर सीमाशुल्काच्या रेड चॅनलला जाहीर करा. कॅबिनमध्ये द्रवाची १०० मिलीची मर्यादा असल्याने बाटली चेक-इन सामानातच जाईल, त्यासाठी कडक कवचाची पेटी घ्या.

ताब्यात घेताना सीलला हात लावण्याआधी बाटलीवरचा क्रमांक टोकनच्या नोंदीशी जुळवा आणि प्रकाशासमोर धरून मानेतली पातळी बघा. खांद्याखाली गेलेली पातळी म्हणजे बूच गळतंय. लेबलवर दमटपणाचे डाग आहेत का तेही पाहा, सिंगापूरच्या हवेत वातानुकूलन ढिलं पडलं तर ते आधी कागदावर दिसतं. हे सगळं कोठाराच्या माणसासमोर, फोटो काढत करा. घरी बाटली उभीच ठेवा. वाइनसारखी आडवी ठेवली तर कडक अल्कोहोल बूच खातं आणि काही वर्षांत ते उघडताना तुटतं.