रबराचं झाड बघायला क्यूला जावं की दोडामार्गला?

मुलगा किंवा लेक-जावई लंडनला, म्हणून सुट्टीत तिकडं जाणारी घरं आता बेळगाव-खानापुरातही बरीच आहेत. बघायच्या ठिकाणांत क्यू गार्डन्स हे तिथलं वनस्पती उद्यान असतंच. तिथलं पाम हाउस म्हणजे 1848 साली पुरं झालेलं लोखंड-काचेचं भलंमोठं घर. बाहेर अंगात कोट, आत शिरताच चष्म्यावर वाफ. ताडमाड, कोको यांच्या जोडीला रबराचं झाडही आहे. पण रबरच नीट बघायचं असेल, तर आधी सिंधुदुर्गातलं दोडामार्ग गाठा.

चंदगडमार्गे तिलारी घाट उतरला की केरळातून येऊन स्थायिक झालेल्या शेतकऱ्यांच्या रबराच्या बागा लागतात. शक्यतो आदल्या दिवशी मुक्कामालाच जावं. झाडात पाण्याचा दाब पहाटे जास्त असतो, म्हणून चीक ऊन चढायच्या आत काढतात. कामगार आधी जुन्या चरीवर सुकलेली चिकाची दोरी ओढून काढतो. मग वाकड्या सुरीनं सालीचा पातळ पापुद्रा तिरका तासतो. लगेच पांढरे थेंब फुटतात आणि चरीतून ओघळत वाटीत पडतात. सुरी लाकडापर्यंत गेली तर तिथं गाठ येते आणि पुढं त्या जागी नीट चीर देता येत नाही; सगळं कसब हातात आहे. पुढं अ‍ॅसिड घालून चीक थिजवतात, रोलरमधून शीट काढतात, धुरावर वाळवतात. वास आंबूस, उग्र असतो. मुलांना तरीही न्याच. काचघरात झाड दिसतं, हे काम दिसत नाही.

क्यूचं मोल वेगळं आहे. 1876 साली हेन्री विकहॅम या इंग्रजानं ब्राझीलहून सुमारे 70,000 बिया तिथं पोचवल्या. त्यांतल्या जेमतेम अडीच-तीन हजार रुजल्या आणि बरीचशी रोपं सिलोनला गेली. आशियातल्या बहुतेक रबरबागांचं मूळ तेच. दोडामार्ग बघून गेलेल्याला पाम हाउसमधल्या त्या एका झाडापाशी थांबावंसं वाटेल.

घरच्या कुंडीतलं जाड, चकचकीत पानांचं 'रबर प्लांट' मात्र वड-पिंपळाच्या कुळातलं. ते हे झाड नव्हे.

पाम हाउस दुरुस्तीसाठी काही वर्षं बंद ठेवायचं ठरलं आहे, तेव्हा तिकीट काढण्याआधी चौकशी करा. दोडामार्गला दिवाळीनंतर ते जानेवारीपर्यंत जा. फेब्रुवारी-मार्चात पानगळीमुळं चीक काढणं बहुधा थांबतं आणि पावसात घाट नको. बागा खासगी आहेत, मालकाला आधी विचारूनच आत शिरा.