लहान मुलांची एचआरव्ही: छातीचा पट्टा, होल्टर की पाच मिनिटांचा ईसीजी?

दोन ते पाच वर्षांच्या मुलांची एचआरव्ही, म्हणजे हृदयाच्या लागोपाठच्या ठोक्यांमधल्या अंतराची कमीजास्त, मोजायची असेल तर दवाखान्यातली नेहमीची ईसीजीची पट्टी कामाची नाही. एका लीडचे (हृदयाच्या एका दिशेने घेतलेल्या नोंदीचे) तिच्यात फार तर १० सेकंद मिळतात आणि कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे ४० मिलिसेकंद. आपल्याला पकडायचा असतो त्याहून बारीक फरक.

छातीचा पट्टा स्वस्त आणि लावायला सोपा. पण तो मोठ्यांच्या मापाचा. मूल वाकलं की सैल होतो. शिवाय बरेच पट्टे फक्त अंतरांचे आकडे देतात, मूळ आलेख देत नाहीत. मग चूक शोधायची कशात? समजा, ठोके मिनिटाला १२०, म्हणजे अंतर ५०० मिलिसेकंद, आणि पाच मिनिटांत ६०० ठोके. खरा आरएमएसएसडी, म्हणजे लागोपाठच्या अंतरांमधल्या फरकांची एक प्रकारची सरासरी, ३० मिलिसेकंद. यंत्राने मधला एकच ठोका सोडला, तर दोन अंतरं मिळून १००० होतात आणि आरएमएसएसडी ३० चा ४२ च्या आसपास जातो. सहाशेत एक ठोका! मूळ आलेख न देणारं यंत्र या वयासाठी घेऊच नका.

होल्टर, म्हणजे अंगावर लावून तासन्‌तास ईसीजी नोंदणारं छोटं यंत्र, घ्यावा तो रात्रीसाठी. गाढ झोपेतली नोंद सगळ्यात स्वच्छ मिळते. दिवसा मात्र धावपळ, रडणं, तारा ओढणं. वर घट्ट बनियन घालावंच लागतं. विकत घेण्याआधी सॅम्पलिंग, म्हणजे यंत्र सेकंदाला किती नोंदी घेतं (हर्ट्झ), ते विचारा: १२८ हर्ट्झला दोन नोंदींमध्ये जवळपास ८ मिलिसेकंद जातात, ५०० ला फक्त २.

दिवसा, जागेपणी मोजायचं तर बसवून घेतलेला ईसीजी, ५०० हर्ट्झ किंवा जास्त. इलेक्ट्रोड लहान मुलांचे, जेलवाले: एक उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, एक डावीकडे तसाच, तिसरा डाव्या खालच्या बरगडीवर. लीड टू मध्ये (उजव्या खांद्याकडून डाव्या बरगडीकडे घेतलेल्या नोंदीत) आर, म्हणजे ठोक्याचं उंच टोक, सहसा ठळक येतो. मालीश करून आणलेल्या मुलाच्या अंगावर इलेक्ट्रोड धरत नाही. त्या दिवशी तेल लावू नका, असं आईला आदल्या दिवशीच सांगावं. त्वचा ओल्या गॉजने पुसून पूर्ण कोरडी करा. मूल धावत आलं असेल तर १० मिनिटं बसू द्या. मग आवाज बंद केलेलं कार्टून लावून १० मिनिटं नोंद घ्या, म्हणजे सलग ५ स्वच्छ मिनिटं हाती लागतात. बोलणं, रडणं, बाटली चोखणं यांनी श्वास बदलतो, आणि त्यासोबत एचआरव्हीही. तो भाग वगळा.

यंत्र कुठलंही घ्या, सॉफ्टवेअरमधला एचएफ पट्टा, म्हणजे श्वासासोबतचा बदल ज्या वारंवारतांमध्ये मोजला जातो ती मर्यादा, आधी बघा. तो बहुधा मोठ्यांचा, ०.१५ ते ०.४० हर्ट्झ, असतो. मिनिटाला २५ श्वास घेणाऱ्या मुलाची श्वासाची लय ०.४२ ला येते, म्हणजे पट्ट्याबाहेर. या वयासाठी ०.२४ ते १.०४ लावा.