स्वस्त वॅक्स, महाग वॅक्स : एकाच गाडीवर नऊ महिने

माझी गडद निळ्या रंगाची सेडान आठ वर्षे जुनी आहे. नाशिकच्या इंदिरानगरमध्ये सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये ती उभी असते. वर कडुनिंब आहे, शेजारी बांधकाम सुरू आहे, आणि महिन्यातून दोनदा कसारा घाट उतरून ठाण्याला जाणे होते. गेल्या दिवाळीनंतर मी पेस्ट वॅक्सच्या दोन डब्या आणल्या : २०० ग्रॅमची एक ३२० रुपयांची आणि तेवढ्याच वजनाची दुसरी २,४५० रुपयांची. साडेसात पट किमतीत नेमके काय मिळते हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते, म्हणून बॉनेट, टप आणि डिकी यांच्या मधोमध मास्किंग टेप लावून डाव्या अंगाला स्वस्त आणि उजव्या अंगाला महाग वॅक्स लावले. दुपारचे ऊन डाव्या बाजूवर जास्त वेळ राहते हे जानेवारीत लक्षात आले, तेव्हापासून एक आठवडा सरळ आणि एक आठवडा उलटी अशी गाडी लावत आलो.

पहिली खरेदी चुकली होती, तेही सांगायला हवे. सुरुवातीला आणलेली स्वस्त डबी प्रत्यक्षात ‘क्लीनर वॅक्स’ निघाली. तिच्यातील पेस्ट अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये चोळली की अगदी बारीक कण जाणवत होते. असे वॅक्स मळ काढते, पण दर वेळी रंगावरील क्लिअर कोट, म्हणजे सर्वांत वरचा पारदर्शक थर, किंचित घासतेही. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो, आणि एकदा गेला की परत येत नाही. वर्षातून एकदा ठीक. दर महिन्याला लावण्याची ती वस्तू नव्हे. म्हणून घर्षक नसलेली दुसरी स्वस्त डबी आणली आणि पुढची तुलना तिच्याशीच केली.

डबीवरील ‘कार्नोबा’ या शब्दाला किती महत्त्व द्यावे, हा प्रश्न दुकानात उभे राहिल्यावर पडतोच. ब्राझीलच्या ईशान्य भागातील एका ताडाच्या पानांवरून हे मेण काढतात. ते ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते आणि नैसर्गिक मेणांमध्ये सर्वांत कठीण मानले जाते. इतके कठीण की निव्वळ कार्नोबा गाडीवर पसरताच येणार नाही. त्यात द्रावक, तेले आणि इतर मेणे मिसळावीच लागतात. माझ्या दोन्ही डब्यांवर हा शब्द ठळक छापलेला होता आणि प्रमाण एकीवरही नव्हते.

चमकेच्या बाबतीत निकाल पहिल्याच दिवशी लागला. टेप काढल्यावर मला, पत्नीला आणि शेजारच्या काकांना दोन्ही बाजूंत फरक सांगता आला नाही. सातपूरला डेंटिंग-पेंटिंग करणारे एक अनुभवी कारागीर ओळखीचे आहेत, त्यांना कोणती बाजू कोणती हे न सांगता गाडी दाखवली. त्यांनी बोटांची मागची बाजू बॉनेटवरून फिरवली, उजवीकडे हात जास्त सरकतो म्हणाले, आणि मग उन्हात वाकून पाहत म्हणाले, “साहेब, जाळी तर दोन्हीकडे सारखीच आहे.” त्यांचे खरे होते. ही कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक ओरखड्यांची वर्तुळे मला एका वॉशिंग सेंटरने दिली आहेत, जेथे जमिनीवर पडलेले फडके तसेच उचलून गाडीवर फिरवले जात असे. दोन वर्षे मी ते पाहत राहिलो आणि बोललो नाही, याचे मला अजून वाईट वाटते. त्या जाळीवर ३२० रुपयांचे वॅक्स लावा किंवा २,४५० रुपयांचे, ती जात नाही. ती घालवायची तर पॉलिश करावे लागते, आणि पॉलिश म्हणजे पुन्हा क्लिअर कोट घासणे.

म्हणूनच वॅक्सच्या आधीची तयारी मला आता वॅक्सपेक्षा मोठी वाटते. धुऊन कोरड्या केलेल्या गाडीवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून बोटे फिरवावीत. नुसत्या हाताला गुळगुळीत वाटणारे बॉनेट पिशवीतून रव्यासारखे खरखरते. ती खरखर म्हणजे रंगात रुतलेले ब्रेकचे लोहकण, सिमेंट आणि झाडाचा चीक. शॅम्पूने ती निघत नाही, क्ले बारने, म्हणजे मऊ मातीसारख्या वडीने, निघते, मात्र भरपूर वंगण फवारून आणि अजिबात दाब न देता. क्ले, धुण्याचा मऊ हातमोजा, दोन बादल्या आणि चार मायक्रोफायबर फडकी मिळून मला साधारण १,४०० रुपये लागले. गाडीत दिसण्यासारखा बदल झाला तो याच पैशांनी.

टिकण्यात मात्र किमतीचा फरक स्पष्ट दिसला. वॅक्स शाबूत असेल तर पाणी गोल थेंबांत उभे राहते, संपले की पसरते. थंडीत स्वस्त बाजूवरील पाण्याचे थेंब पाच आठवड्यांत पसरट झाले, महाग बाजूचे नऊ आठवडे गोल राहिले. मार्च ते मे या काळात हेच प्रमाण चार आणि सात आठवडे झाले, तर जूनच्या मध्यापासून पावसात तीन आणि पाच. एक सावधगिरी येथे आवश्यक आहे : मार्चमध्ये धुळीचा थर बसल्यावर दोन्हीकडे थेंब फिसकटले आणि मी वॅक्स संपले असे समजलो, पण नीट शॅम्पूने धुतल्यावर दोन्हीकडे ते पुन्हा उभे राहिले. त्यामुळे मळलेल्या गाडीवर पाणी टाकून काढलेला निष्कर्ष धरू नये.

दोन गोष्टींपासून दोन्ही वॅक्सनी वाचवले नाही. एप्रिलमध्ये पक्ष्याची विष्ठा टपावर दिवसभर उन्हात राहिली आणि उजव्या, महाग बाजूवर कायमचा डाग पडला. उन्हाळ्यात सोसायटीला बोअरचे जड पाणी येते. त्याचे गोल थेंब उन्हात जागीच सुकले की पांढरी कडी उमटतात, आणि थेंब जितके उभे राहतात तितकी ही कडी ठसठशीत होतात. वॅक्स केलेली गाडी धुऊन तशीच सोडण्यापेक्षा लगेच टिपून घेणे जास्त गरजेचे आहे.

खर्च मोजण्यासाठी डबी दर वेळी स्वयंपाकघरातील काट्यावर ठेवली. अर्ध्या गाडीला सात ते आठ ग्रॅम लागतात, म्हणजे पूर्ण गाडीचा एक हात स्वस्तात २५ रुपयांच्या आसपास आणि महागात १९० च्या आसपास पडतो. वर्षाला स्वस्ताचे बारा हात धरले तर ३०० रुपये, महागाचे सात धरले तर साधारण १,३०० रुपये. पण स्वस्त वॅक्स पुसताना हात भरून येतो, काळ्या प्लॅस्टिकच्या कडांवर ते पांढरे बसते आणि जुन्या टूथब्रशने काढत बसावे लागते. पूर्ण गाडीला दीड तास जातो. महाग वॅक्स पाऊण तासात होते. वर्षाचे हे अठरा तास आणि सव्वापाच तास झाले. माझ्या मते हजार रुपये जास्त मोजायचे ते या तेरा तासांसाठी. चमकेसाठी मोजू नयेत. ज्याला रविवारी सकाळी गाडीशी रमायला आवडते त्याने स्वस्तच घ्यावे, त्याचे काहीही बिघडत नाही. लावताना थर पातळ हवा आणि पत्रा थंड हवा, एवढे पाळले की स्वस्त वॅक्सही बरेच सोपे निघते.

पाऊस ओसरल्यावर नवरात्राच्या आधी गाडीवर पुन्हा क्ले फिरवणार आहे. ऊन झेलणाऱ्या बॉनेट, टप आणि डिकीला महाग वॅक्स लावीन, दरवाजे आणि बंपरला स्वस्त. २,४५० रुपयांच्या त्या डबीत अजून दीडशे ग्रॅमहून अधिक वॅक्स शिल्लक आहे.