मोडेम बदलायच्या आधी या मुलाला बोलवा (कराड, स्टँडमागचं रिपेरिंगचं दुकान)

मोठ्या शहरांत तेव्हा ब्रॉडबँड आलं होतं म्हणे पण आमच्या घरी अजून डायलअपच होतं, म्हणजे फोनच्या लाइनवरून लावायचं नेट, विंडोज ९८ आणि ५६ के चा बाहेरचा मोडेम (कॉम्प्युटर फोनच्या लाइनला जोडणारा डबा). महिनाभर एकच रडगाणं, मोडेम डायल करणार, त्याची ती किर्र किर्र होणार, 'व्हेरिफाइंग युजर नेम अँड पासवर्ड' येणार आणि परत पासवर्ड मागणार. कधी पहिल्या झटक्यात लागायचं तर कधी पाच वेळा करूनही नाही, आणि फोन तर तोवर लागलेला असतो त्यामुळे दरवेळी कॉल पडतोच, बिल बघून आईनं डोक्याला हात लावला. आधी ज्यांना दाखवलं ते म्हणाले मोडेम गेलाय, नवीन घ्या.

मग या दुकानातला मुलगा आला. मोडेमला त्यानं हातही लावला नाही. म्हणाला, काका, किर्र किर्र संपून पासवर्डपर्यंत जातंय ना, मग मोडेम आणि लाइन दोन्ही नीट आहेत, तुम्ही नोटपॅड उघडून त्यात पासवर्ड टाइप करा बघू. बाबांनी अक्षरं टाकली, मग नेहमीसारखे उजवीकडच्या कीपॅडवरून आकडे दाबले तर एकही आकडा उमटेना, कर्सर नुसता इकडंतिकडं पळतोय. नमलॉक बंद, म्हणजे कीपॅडवरचे आकडे चालू करणारं बटण! पासवर्डच्या चौकटीत सगळ्या चांदण्याच दिसतात, त्यात तीन कमी आहेत हे कोण मोजत बसणार.

वर त्यानं विचारलं, मुळात रोज टाइप का करता? तर 'सेव्ह पासवर्ड'वर टिकच होत नव्हती, अंधुक दिसायचं. कारण असं निघालं की मशीन सुरू होताना विंडोज नाव विचारतं तिथं आम्ही सगळेच कॅन्सल दाबायचो, आणि मग पासवर्ड कुणाच्या नावावर ठेवायचा हेच त्याला कळत नाही. त्यानं जुन्या पीडब्ल्यूएल फाइलचं (विंडोज पासवर्ड साठवतं ती) नाव बदललं, नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'विंडोज लॉगऑन' निवडलं, रीस्टार्ट करून नाव टाकलं आणि पासवर्ड रिकामा ठेवून ओके केलं. त्यानंतर सुरू होताना नाव विचारणारी ती चौकट आलीच नाही आणि टिक पण राहिली. रिकामा ठेवला की मशीनवर बसणारा कुणीही नेट लावू शकतो हे त्यानं आधीच सांगितलं होतं, आम्हाला ते चालत होतं.

१५० रुपये घेतले. तक्रार एवढीच की 'सकाळी येतो' सांगून संध्याकाळी साडेसहाला आला आणि दुकानाचा फोन कुणी उचलत नाही, त्यामुळे स्वतः जाऊन पत्ता लिहून द्या.