कन्नड शिकायचं तर ॲप की कोल्हापूरचा लक्ष्मीपुरी बाजार?

धारवाडला बदली ठरली म्हणून दोन महिने दोन्ही करून बघितलं. ॲपवर लिपी मस्त गिरवून घेतात, त्याला तोड नाही, पण ते शिकवतं 'ऊटा आयिता?' आणि बाजारात बेळगावकडचे एक मामा आहेत ते म्हणतात 'ऊटा आतेन्री?', म्हणजे जेवलात का, आणि ते शेवटचं 'री' म्हणजे आपलं 'हो-जी'वालं आदराचं, ते खाल्लं की समोरच्याचं तोंड लगेच बदलतंय राव. मी एकदा नुसतं 'बा', म्हणजे 'ये', म्हटलो, मामा म्हणाले, 'बर्री (या) म्हण, मी काय तुझा दोस्त आहे?'

क्रियापद मराठीसारखंच शेवटी येतं, त्यामुळं वाक्य जमतं. मी तर बाजारच धरलाय, ॲप फक्त पाट्या वाचायला.