अस्सल इंजिन, नकली गाडी

जुन्या टेदर कार जमवणाऱ्यांसाठी, विशेषतः इकडे अमेरिकेत इस्टेट सेल (दिवंगतांच्या घरच्या सामानाची विक्री) आणि ऑनलाइन लिलावांवर नजर ठेवून असलेल्या आपल्या मंडळींसाठी हे लिहितोय.

टेदर कार म्हणजे मधल्या खांबाला पोलादी तारेने जखडलेली, गोल फिरणारी छोटी रेसिंग गाडी. स्टिअरिंग नाही, रिमोट नाही, फक्त वेग. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे कॅलिफोर्नियात याचं वेड होतं आणि लॉस एंजेलिसच्या डूलिंग बंधूंच्या गाड्यांना आजही चढा भाव मिळतो. नकला होतात त्या त्यामुळेच. उघडपणे 'नवी प्रतिकृती' म्हणून विकणारे कारागीरही आहेत, त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

मला ऑनलाइन लिलावात गाडी विकणाऱ्याने जाहिरातीत लिहिलं होतं: डूलिंगची 1940च्या दशकातली मूळ गाडी, मॅकॉय 60 इंजिनासह, एका दिवंगत रेसरच्या गॅरेजमधून. मागितले तेवढे इंजिनाचे फोटो दिले. इंजिन जड म्हणून दोन पार्सलं करतो म्हणाला. पहिल्यात इंजिन आलं, आणि ते शंभर टक्के खरं होतं. दुसरं पार्सल आज निघेल, उद्या निघेल करत आलं तोवर लिलावाच्या साइटवर तक्रार करायची मुदत उलटून गेली होती. सगळी मेख तिथेच होती.

गाडीचं पॅन, म्हणजे खालचा ओतीव अर्धा भाग, वरून छान काळपटलेलं होतं. पण या गाड्या मिथेनॉल आणि एरंडेल तेलाच्या मिश्रणावर धावायच्या. जळालेलं एरंडेल गिअरच्या आसपास, इंजिनाच्या बैठकीखाली, स्क्रूच्या भोकांत तपकिरी राळेसारखं घट्ट बसतं आणि सहजासहजी निघत नाही. इथे बाहेरून तपकिरी रंग एकसारखा, आणि आतले कोपरे लख्ख! स्क्रू काढून बघितले तर एम3, मेट्रिक. त्या काळातल्या अमेरिकन गाडीत 4-40 किंवा 6-32 असे इंची आटे हवेत. एखादा स्क्रू कुणी नंतर बदललेला असू शकतो, पण पॅनमधली भोकंच मेट्रिक आट्यांची होती.

उरलीसुरली शंका क्लबातल्या एका जुन्या सदस्याने मिटवली. त्यांच्याकडे याच मॉडेलची खरी गाडी आहे. दोन्ही पॅनं शेजारी ठेवली तर माझं आखूड निघालं. खऱ्या भागाचाच साचा करून त्यात अॅल्युमिनियम ओतलं की थंड होताना ते साधारण सव्वा टक्का आकसतं. फूटभर लांबीत जवळपास चार मिलिमीटर. रंग फासून जुनेपणा आणता येतो, हे चार मिलिमीटर कुठून आणणार?

पैशाचं दुःख आहेच, पण खरी भीती वेगळी. 3 किलोची गाडी 35 फूट त्रिज्येत ताशी 200 किलोमीटरने फिरली, तर तार बांधलेल्या कडीवर 85 किलोच्या वर ओढ येते. माझ्या पॅनमध्ये ती कडी बसते तिथलं कास्टिंग बुडबुड्यांनी पोखरलेलं आहे. कुणी भाबडेपणाने ही गाडी ट्रॅकवर उतरवली असती, तर ती सुटून प्रेक्षकांत घुसली असती.

विक्रेत्याने आधी उत्तरं दिली, मग मला ब्लॉक केलं. साइटने मुदतीकडे बोट दाखवलं.

एवढं करा. पॅनच्या आतल्या बाजूचे, मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेले फोटो मागा. इंजिन खरं आहे म्हणून गाडी खरी मानू नका. त्या काळी लोक इंजिनं सर्रास बदलायचे आणि 1947च्या अखेरीस ग्लो प्लग (तापलेल्या तारेने इंधन पेटवणारा प्लग) आल्यावर कितींनी तरी ठिणगीसाठीची कॉइल-बॅटरी काढून टाकली. त्यामुळे इंजिनावरून गाडीबद्दल फारसं काही सिद्ध होत नाही. दोन पार्सलं होणार असतील तर पॅन आधी मागवा. खाजगी हस्तांतर म्हणून पैसे पाठवायला सांगितलं, तर सौदा तिथेच सोडा.

माझ्या पॅनच्या आत मी पंचने 'प्रतिकृती' असं इंग्रजीत ठोकून ठेवलंय, म्हणजे पुढे कुणी ते खरं म्हणून विकू शकणार नाही. इंजिन मात्र उत्तम चालतं.